ऑनलाइन सापडलेल्या नोंदींचा संदर्भ वंशावळीत नेमका कसा लिहायचा?

वंशवेल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घराण्याच्या वंशावळीची नवी आवृत्ती छापायची आहे. मागच्या आवृत्तीत आम्ही संदर्भ म्हणून नुसते दुवे छापले होते. आज त्यातले निम्मे उघडत नाहीत, आणि जे उघडतात ते संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडतात. त्या दुव्यामागे कोणता कागद होता हे आता कळायला मार्ग नाही.

या वेळी हाताशी असलेले साहित्य असे: महाभूलेख आणि आपले अभिलेख या स्थळांवरून घेतलेले सातबारे व जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी), इंटरनेट अर्काइव्हवरचा एक जुना कुलवृत्तांत, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरचे हरिद्वारच्या पंड्यांच्या (तीर्थोपाध्यायांच्या) वह्यांचे फोटो, जेनी या सदस्यांनी वंशवेली चढवायच्या संकेतस्थळावरची एक वंशवेल, आणि नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले कागदांचे फोटो.

विचारायचे ते असे. प्रत्येकासाठी किमान काय काय लिहावे? दुवा छापावा की नाही? जेनीसारख्या ठिकाणची माहिती संदर्भ म्हणून चालते का? आणि एका माणसाच्या नोंदीखाली चार ओळींचा संदर्भ आला तर पुस्तक वाचण्यासारखे राहील का?

---

जुने_दप्तर

दुवा म्हणजे कागद ठेवलेल्या कपाटाचा पत्ता. कपाट हलले की पत्ता निकामी होतो, म्हणून कागदाचे वर्णन दुव्याशिवायही पुरे पडले पाहिजे. लिहून झाल्यावर दुवा बोटाने झाकून पाहा. उरलेल्या मजकुरावरून अनोळखी माणूस तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन तोच कागद मागू शकेल का? मागू शकत असेल तर संदर्भ पक्का.

जमिनीच्या कागदांचे सविस्तर सांगतो, कारण तिथेच सर्वांत जास्त चुका होतात.

महाभूलेखवर विभाग, जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि कॅप्चा भरल्यावर सातबारा दिसतो. मात्र त्या सातबाऱ्याला स्वतःचा असा पत्ता नसतो. वरच्या पट्टीतला दुवा जतन केला तर उद्या रिकामा अर्जच उघडतो. तेव्हा इथे दुवा छापण्यात काही अर्थ नाही. स्थळाचे नाव, गाव-तालुका-जिल्हा, गट क्रमांक, हिस्सा आणि पाहिल्याचा दिनांक एवढे लिहा. तो उतारा फक्त माहितीसाठी असतो, तसे त्यावरच छापलेले असते. पुस्तकासाठी १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्या. त्यावरचा पडताळणी क्रमांक संदर्भात लिहिला की दुव्याची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

वंशावळीच्या दृष्टीने सातबाऱ्यापेक्षा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, कितीतरी मोलाचा. वारस नोंदीत मयत व्यक्ती, मृत्यूचा दिनांक, वारसांची नावे आणि नाते एकत्र मिळते. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक धरून एकेक मागे जायचे. त्याचा संदर्भ मी असा लिहीन:

> गाव नमुना ६, मौजे (गाव), ता. (तालुका), जि. रत्नागिरी (आता सिंधुदुर्ग), फेरफार क्र. ४१७, वारस नोंद, नोंदीचा दि. १२ जून १९५२, प्रमाणित दि. ३ ऑगस्ट १९५२. हस्तलिखिताचा स्कॅन, आपले अभिलेख संकेतस्थळ. पाहिला १४ जानेवारी २०२५.

यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. "हस्तलिखिताचा स्कॅन" हे मुद्दाम लिहायचे, कारण संगणकावर टंकलेला उतारा ही नक्कल आहे आणि नक्कल करताना नावे बिघडतात. "धोंडू"चा "धोंडी" होतो, "बिन" (म्हणजे "चा मुलगा") गळते, वडिलांचे नाव आडनावाच्या जागी जाते. अशा दुरुस्त्यांसाठी महसूल संहितेचे कलम १५५ वापरले जाते, आणि तसा दुरुस्तीचा फेरफार सापडला तर त्याचाही क्रमांक जोडा. दोन्ही रूपे पाहिली असतील तर दोन्ही लिहा आणि नाव कोणत्यातून घेतले ते सांगा.

जिल्हा कागदावर आहे तसाच लिहून आजचा कंसात द्यावा. सिंधुदुर्ग १९८१मध्ये रत्नागिरीतून निघाला, लातूर १९८२मध्ये उस्मानाबादेतून, नंदुरबार १९९८मध्ये धुळ्यातून, पालघर २०१४मध्ये ठाण्यातून. उस्मानाबादचे आता धाराशिव झाले आहे. शोध घ्यायचा असतो आजच्या नावाखाली, कागदावर असते जुने. एकच नाव लिहिले तर पुढचा माणूस अर्ध्या वाटेत अडतो.

गट क्रमांकाचेही तसेच. १९४७च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगाव एकत्रीकरण झाले आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. एकत्रीकरणापूर्वीचा फेरफार सर्व्हे नंबरवर असतो. संदर्भात नुसते "गट १०३" लिहिले तर जुन्या कागदाशी दुवा जुळत नाही. "गट १०३ (जुना स. नं. ५८/२)" असे लिहावे.

आता एक महत्त्वाचे. फेरफारातला मृत्यूचा दिनांक वारसांनी तलाठ्याकडे दिलेल्या वर्दीवरून आलेला असतो. वर्दी मृत्यूनंतर पाच-दहा वर्षांनीही दिली जाते. त्यामुळे फेरफार हा मूळ दस्त असला तरी त्यातला मृत्यूदिनांक ऐकीव असू शकतो. जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४ किंवा जुने कोतवाल बुक, मिळाली तर दिनांकासाठी तिचा संदर्भ द्या आणि नात्यासाठी फेरफाराचा. एका माणसाच्या दोन तपशिलांना दोन वेगळे संदर्भ असणे अगदी योग्य आहे.

---

जुने_दप्तर

आणखी थोडे राहिले. फेरफारातली संक्षिप्त रूपे जशीच्या तशी उतरवा. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावापुढे ते असेल तर धाकटे भाऊ हयात असूनही कागदावर नसतात. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, त्यावरून त्या वर्षी मूल सज्ञान नव्हते एवढे नक्की होते. ही अक्षरे गाळली तर "एकुलता एक मुलगा" असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि संदर्भ बघूनही तो कोणाला पकडता येत नाही.

लेकीबाळींची नावे वारसांच्या मुख्य यादीत नसतील तर "इतर हक्क" पाहा. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावे अनेकदा तिथे लागलेली असतात. संदर्भात "इतर हक्क" हा रकाना लिहा, नाहीतर तपासणारा वरचीच यादी पाहून नाव नाही म्हणेल.

---

पोथीशोध

कुलवृत्तांताविषयी मी लिहितो.

इंटरनेट अर्काइव्हवरच्या पुस्तकात दोन प्रकारचे पृष्ठांक असतात. एक छापील, दुसरा स्कॅनचा. दुव्यात "पेज" शब्दापुढे "एन" अक्षरापासून सुरू होणारा आकडा दिसतो, तो स्कॅनचा. मुखपृष्ठ, कोरी पाने, अर्पणपत्रिका सगळे त्यात मोजले जाते. छापील पृष्ठ १३२ हे तिथे १५० असू शकते. संदर्भात नेहमी छापील पृष्ठांक द्या. पानावर आकडा छापलेलाच नसेल, उदाहरणार्थ घडीचा वंशवृक्ष, तर "पृ. ९६ समोरील वंशवृक्ष, स्कॅन ११४" असे लिहा.

पुस्तकाची माहिती त्या स्थळावरच्या मथळ्यावरून कधीही उचलू नका. शीर्षकपृष्ठ स्वतः उघडा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे जे स्कॅन तिथे आहेत त्यांचे मथळे रोमन लिपीत, वेड्यावाकड्या स्पेलिंगने टंकलेले आहेत, लेखकाच्या जागी प्रस्तावनाकार येतो, वर्ष चुकते. त्यांच्या ओळखक्रमांकात २०१५ हा आकडा दिसतो, ते प्रकाशनवर्ष नव्हे. शीर्षकपृष्ठच गहाळ असेल तर प्रस्तावनेखालचा दिनांक पाहा आणि "शीर्षकपृष्ठ स्कॅनमध्ये नाही, प्रस्तावनेचा दिनांक शके १८५६" अशी स्पष्ट नोंद करा. या स्कॅनमध्ये पाने गळलेली असतात, एखादे दोनदा आलेले असते. हवा तो वंश नेमका गळालेल्या पानावर असेल तर "या प्रतीत पृ. २१०–२११ नाहीत" हेही लिहिण्यासारखे आहे. ओळखक्रमांक मात्र अवश्य नोंदवा, कारण एकाच पुस्तकाचे तीन-तीन स्कॅन तिथे असतात.

शोधपट्टीवर विसंबून "या ग्रंथात नाव नाही" असे लिहू नये. जुन्या अपलोडमध्ये देवनागरीचे ओसीआर (चित्रातली अक्षरे संगणकाने ओळखणे) झालेलेच नसते, किंवा इंग्रजी समजून केलेले असते. पाने चाळूनच ठरवावे.

आता मूळ मुद्दा. कुलवृत्तांत बहुतेक घराघरांत माहितीपत्रके पाठवून आणि ती भरून आल्यावर संकलित होतात. पत्रक भरणाऱ्याच्या आजोबा-पणजोबांपर्यंतची माहिती विश्वासाची असते. त्यापलीकडची सात पिढ्यांची नावे घरातल्या टिपणांवरून किंवा उपाध्यायांच्या नामावळीवरून येतात. म्हणून कुलवृत्तांत हा एक संदर्भ झाला, पण त्यात "इनामाची सनद आहे" असे छापले असेल आणि तुम्ही सनद पाहिली नसेल, तर सनदेचा संदर्भ देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. असे लिहा:

> (घराण्याचा) कुलवृत्तांत, पुणे, प्रस्तावना शके १८५६, पृ. १३२, तेथे आधार म्हणून इनामाच्या सनदेचा उल्लेख, सनद पाहिलेली नाही. स्कॅन: इंटरनेट अर्काइव्ह, ओळखक्रमांक (…), पाहिला १४ जानेवारी २०२५.

"सनद पाहिलेली नाही" हे तीन शब्द लिहायला लोक कचरतात. पुढच्या पिढीतल्या अभ्यासकाला त्याच शब्दांनी वाट सापडते.

जेनीचे उत्तर यातूनच निघते. समजा, कुलवृत्तांत १९३५ साली छापला. त्यावरून कोणी एक संकेतस्थळ केले. त्या स्थळावरून कोणी जेनीवर वेल चढवली. तुम्ही तिन्हींचा संदर्भ दिलात तर वाचकाला तीन स्वतंत्र पुरावे दिसतात. प्रत्यक्षात पुरावा एकच आहे, आणि छपाईची एखादी चूक तिन्ही ठिकाणी तशीच उतरलेली असते. त्यामुळे जेनीचा उपयोग दिशा कळण्यापुरता करा. जे तिथेच मिळाले आणि दुसरीकडे कुठेही नाही, तेवढेच जेनीच्या नावावर लिहा: प्रोफाइलचे नाव, प्रोफाइल क्रमांक, पाहिल्याचा दिनांक आणि "तेथे आधार दिलेला नाही". तिथली नोंद इतर सदस्यही बदलू शकतात, म्हणून दिनांक इथे सर्वांत जास्त महत्त्वाचा. हयात माणसांचे जन्मदिनांक तिथून उचलून छापू नका.

छापील कागदपत्रांच्या संग्रहांना वेगळा नियम. पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निघाले. तिथे पृष्ठापेक्षा खंड आणि लेखांक द्या. लेखांक कोणत्याही प्रतीत, कोणत्याही स्कॅनमध्ये तोच राहतो. मूळ कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात पाहिला असेल तरच रुमाल (कागदांचा गठ्ठा) क्रमांक लिहायचा.

---

वंशवेल

फार उपयुक्त. धन्यवाद. फॅमिलीसर्च आणि मेलेले दुवे यांबद्दल कोणी सांगेल का? आणि दुवा इतका लांब येतो की दोन ओळी भरतात. लहान करून छापला तर?

---

वही_वाचक

लहान करू नका. लहान केलेला दुवा मधल्या कंपनीच्या हातात असतो. गूगलने आपली दुवे लहान करण्याची सेवा २०१९मध्ये बंद केली. अशा दुव्यावरून मूळ स्थळाचे नावसुद्धा कळत नाही, म्हणजे तो मेला की काहीच उरत नाही.

लांब का होतो ते आधी पाहा. देवनागरी पत्ता कॉपी केला की प्रत्येक अक्षर, मात्रा आणि अनुस्वार यांचे टक्के-चिन्हासह नऊ-नऊ रोमन चिन्हांत रूपांतर होते. "वंशावळ" एवढ्या शब्दाची ५४ चिन्हे होतात. छापताना मधे ओळ तुटली की दुवा गेला. अशा पानाचा दुवा छापील पुस्तकात देऊच नका. स्थळाचे नाव आणि पानाचे शीर्षक देवनागरीत द्या, पूर्ण दुवा संगणकातल्या यादीत ठेवा. प्रश्नचिन्हानंतरचा भाग बऱ्याचदा तुम्ही कुठून आलात याची खूण असतो. तो काढून दुवा ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत उघडून पाहा. चालला तर तेवढाच घ्या. काही सरकारी स्थळांवर मात्र दस्ताचा क्रमांकच प्रश्नचिन्हानंतर असतो, तिथे कापला तर कागद हरवतो.

फॅमिलीसर्चवर प्रत्येक फोटोला एआरके नावाचा कायमचा क्रमांक असतो. त्यात ६१९०३ हा आकडा येतो आणि पुढे ३:१ असेल तर ते मूळ पानाचे चित्र, १:१ असेल तर कोणीतरी वाचून केलेली सूचीतली नोंद. हा फरक संदर्भात उतरलाच पाहिजे. सूची करणाऱ्याने वहीतले नाव चुकीचे वाचलेले असणे नेहमीचे आहे. चित्र उपलब्ध असेल तर सूचीवर थांबू नका. चित्र पाहूनच संदर्भ चित्राचा द्या.

एआरकेसोबत फिल्म क्रमांक आणि चित्रसंच क्रमांकही लिहा. "चित्र ४५ / ३१२" असे दिसते ते नीट पाहा: संग्रहाच्या फांद्यांतून गेलात तर तो आकडा त्या फांदीपुरता असतो, फिल्ममधून थेट गेलात तर फिल्मचा. कोणत्या वाटेने मोजला ते लिहिले नाही तर दुसऱ्याला भलतेच पान दिसते. पंड्यांच्या वहीसाठी असे:

> तीर्थोपाध्यायाची वही, हरिद्वार, (वहीवर लिहिलेले पंड्याचे घराणे व गावांचा शिक्का), संवत १९५२ची भेट, फॅमिलीसर्च, हिंदू तीर्थयात्रा नोंदी, फिल्म (…), चित्रसंच (…), चित्र ४५ (फिल्ममधील), एआरके (…), मूळ पानाचे चित्र, पाहिले २ फेब्रुवारी २०२५, खाते आवश्यक.

"खाते आवश्यक" लिहायचे कारण असे की काही चित्रे घरून दिसतात, काही फक्त त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात. वाचकाला दुवा उघडला नाही तर तो मेला असे समजू नये. वहीत एका भेटीच्या वेळी यजमानाने सांगितलेली नावे असतात, आणि खाली पुढच्या भेटीत वेगळ्या शाईने जोडलेली असतात. दोन्ही एकाच वर्षाची धरू नका. "वेगळ्या हस्ताक्षरात नंतर जोडलेले" अशी टीप ठेवा.

मेलेल्या दुव्यांवर उपाय आधीच करायचा असतो. पान पाहिले त्याच दिवशी वेबॅक मशीनच्या (इंटरनेट अर्काइव्हची संकेतस्थळांच्या प्रती जतन करणारी सेवा) "सेव्ह पेज नाउ" मध्ये दुवा घाला. जतन झालेल्या पत्त्यात १४ आकडे येतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ही वेळ ग्रिनिचची असते. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून पहाटे साडेपाचच्या आत जतन केले तर आदल्या दिवसाची तारीख पडते. संदर्भातली तारीख आणि पत्त्यातली तारीख जुळत नाही म्हणून घाबरू नका.

जतन झाल्यावर ते पान उघडून बघणे सोडू नका. कॅप्चामागची पाने, लॉगिनमागची पाने, शोध घेतल्यावर तयार होणारे निकाल आणि झूम करून पाहायचे स्कॅन त्यात येत नाहीत, रिकामी चौकट येते. साधी पाने आणि थेट पीडीएफ चांगली येतात. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर २०२३पासून शोधलेल्या कुणबी नोंदींच्या पीडीएफ चढल्या आहेत, त्यांत मोडी पाने व लिप्यंतर मिळते. ती जरूर जतन करा. जिल्ह्यांची स्थळे यापूर्वी एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) पत्त्यावरून नव्या सरकारी पत्त्यावर गेली तेव्हा जुने दुवे तुटलेच होते. अशा पीडीएफचा संदर्भ देताना फाइलचे नाव पुरत नाही: मूळ नोंदवहीचा प्रकार, वर्ष, गाव, आणि पीडीएफमधले पान लिहा.

जे वेबॅकमध्ये येत नाही त्याची पीडीएफ ब्राउझरच्या छपाईतून काढा आणि "हेडर-फुटर" वर खूण ठेवा. पानावर दुवा आणि तारीख आपोआप छापली जाते.

दुवा आधीच मेला असेल तर तो पुसून टाकू नका. जुना दुवा वेबॅकमध्ये टाकून पाहा, तुमच्या आवृत्तीच्या वर्षाच्या आसपासची प्रत अनेकदा सापडते. नाहीच सापडली तर "२०१२च्या आवृत्तीत दिलेला दुवा; आता उपलब्ध नाही; मूळ कागद पुन्हा पाहता आलेला नाही" असे लिहा आणि त्या माहितीला कमी विश्वासाची खूण करा.

---

मोडीप्रेमी

तारखांचे कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. संदर्भात कागदावरची कालगणना आहे तशी आधी, इसवी सन नंतर कंसात. उलटे केले की चूक कायमची दडते.

शकात ७८ मिळवायचे, पण वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना ७९. शके १८०५ चैत्र म्हणजे १८८३, शके १८०५ फाल्गुन म्हणजे १८८४. पौषात इंग्रजी वर्ष बदलते, तिथे पंचांग पाहावे. जुन्या दप्तरांतल्या इतर दोन कालगणनांपैकी दख्खनी फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९ मिळवायचे, आणि ही दोन्ही वर्षे मृगाच्या सुमारास बदलतात, त्यामुळे महिना कळला नसेल तर "१७७६–७७" असे जोडवर्ष द्या. सुहूर सन अरबी शब्दांत असतो: "सबा सबैन मया व अलफ" म्हणजे सात, सत्तर, शंभर, हजार, मिळून ११७७. हे शब्दच उतरवा. वाचताना "सबा" आणि "सीत" यांत गफलत झाली तर पुढचा वाचक शब्द बघून पकडू शकतो, १७७६ हा आकडा बघून पकडू शकत नाही.

लिप्यंतर कोणाचे तेही लिहा: स्थळावर दिलेले, की तुम्ही वाचलेले.

शाळेच्या दाखल्याबद्दल एक सावधगिरी. प्रवेश-निर्गम नोंदवहीत जन्मदिनांक १ जून असेल तर तो बहुधा शाळेत घालताना गुरुजींनी वय बसवण्यासाठी टाकलेला असतो. संदर्भ खरा, कागद खरा, पण दिनांक जन्माचा असेलच असे नाही. "दाखल्यावरील दिनांक" असे म्हणावे.

---

वही_वाचक

व्हॉट्सॲपचे राहिले. फोटो म्हणून पाठवलेला कागद दाबला जातो आणि कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ-जागेची माहिती निघून जाते. फाइलच्या नावातली तारीख ती फाइल फोनवर आल्याची असते, कागदाची नाही आणि फोटो काढल्याचीही असेलच असे नाही. पाठवणाऱ्याला तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पुन्हा पाठवायला सांगा. कागदाच्या मागच्या बाजूचाही घ्या, शिक्के आणि नकलेचा दिनांक तिथे असतो. संदर्भात दुवा नाही, मूळ कागद कोणाच्या ताब्यात आहे ते हवे: "मूळ कागद (नाते, गाव) यांच्या संग्रही, फोटो व्हॉट्सॲपवर मिळाला, ५ मार्च २०२५". नाव छापायचे तर त्यांची परवानगी घ्या.

पुस्तकातल्या जागेच्या प्रश्नाला सोपे उत्तर आहे. प्रत्येक साधनाला खूण द्या: फे-१, फे-२ फेरफारांना, कु-१ कुलवृत्तांताला, ती-१ वहीला. व्यक्तीच्या नोंदीखाली फक्त "फे-२, कु-१, १३२" एवढेच. पूर्ण वर्णन शेवटी एकदाच. ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर हेच करते: भांडार, साधन आणि उद्धरण असे तीन वेगळे कप्पे असतात. संकेतस्थळ भांडारात, कुलवृत्तांत किंवा नोंदवही साधनात, पृष्ठ-दिनांक-चित्रक्रमांक उद्धरणात. विश्वासाच्या पाच पायऱ्याही निवडता येतात. जेडकॉम (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याची) फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात आहे ना ते पाहा, नाहीतर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी देवनागरी प्रश्नचिन्हे होऊन येते.

न सापडल्याचीही नोंद ठेवा: कोणत्या स्थळावर, कोणत्या गावासाठी, कोणती वर्षे, कोणती नावे शोधली, केव्हा. नवे स्कॅन चढत राहतात, म्हणून दोन वर्षांनी पुन्हा बघायचे असेल तर कुठून सुरुवात करायची ते कळते.

---

वंशवेल

एका नोंदीचा मसुदा केला आहे, तपासाल का?

> विठोबा बिन रामजी. मृ. १९३८ पूर्वी (फे-२). मुलगे: गणू, धाकू (फे-२; कु-१, १३२).
> फे-२: गाव नमुना ६, मौजे (गाव), ता. (तालुका), जि. रत्नागिरी (आता सिंधुदुर्ग), फेरफार क्र. ८८, वारस नोंद, दि. ४ जुलै १९३८, आपले अभिलेख, पाहिला १४ जानेवारी २०२५.

---

जुने_दप्तर

"१९३८ पूर्वी" हे फार चांगले केलेत, फेरफारावरून तेवढेच म्हणता येते. पण नोंद ४ जुलैची आहे, मृत्यू त्याच वर्षी जूनमध्येही झालेला असू शकतो, म्हणून "४ जुलै १९३८ पूर्वी" करा. प्रमाणित दिनांक आणि "हस्तलिखिताचा स्कॅन" की टंकित, हे राहिले आहे. गणूच्या नावापुढे ए.कु.मॅ. आहे का ते एकदा पाहा. असेल तर "मुलगे: गणू, धाकू" याऐवजी "नोंदीत आलेले मुलगे" असे लिहा, आणि कुलवृत्तांतात तिसरा भाऊ दिला असेल तर त्याला फक्त कु-१ चा संदर्भ लावा.

---

वंशवेल

पाहिले. गणूपुढे ए.कु.मॅ. आहे, आणि कुलवृत्तांतात पृ. १३३ वर तिसरा भाऊ सोनू दिला आहे. दुरुस्ती करतो.